शिष्यांना आवडलेली गोष्ट

यवतमाळात मे महिना वाचण्यासाठीच असतो. सकाळी दहालाच पारा ४० कडे झुकतो, दुपारी ४४ पर्यंत जातो, दत्त चौकातली वर्दळ विरळ होते आणि कूलरच्या वाळ्याचा ओला वास भरलेल्या खोल्यांची दारं चारच्या आधी कोणी उघडत नाही. या तासांत माझी भाची आणि मी कादंबऱ्या वाचतो. ती सोळाची आहे. तिच्या वयाच्या मुलामुलींसाठी जगभर जे लिहिलं जातंय तेच आम्ही वाचतो: नकाशात नसलेली राज्यं, माणसाला पाठीवर घेणारे ड्रॅगन, अंगावर चांदणीची खूण घेऊन जन्मलेल्या मुली, आणि या साऱ्याच्या मधोमध एक प्रेम, जे राज्य कोसळायच्या आत बोलून टाकावं लागतं. दुकानात या पुस्तकांच्या कपाटावर ‘यंग अ‍ॅडल्ट’ अशी पाटी असते. आपल्या वाचनालयांत किशोरांच्या कपाटात साहस असतं, विज्ञान असतं, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे असतो. प्रेम मात्र मोठ्यांच्या कपाटात, हात पोचणार नाही अशा वरच्या फळीवर.

मी वाचते ती परीक्षण लिहायचं म्हणून, हातात पेन्सिल धरून. ती पालथी पडून वाचते आणि पुस्तक संपेपर्यंत पाणीसुद्धा मागत नाही. माझ्या टाचणांत ‘रचना’, ‘पात्रचित्रण’, ‘भाषा’ असे शब्द असतात. ती पुस्तक मिटते तेव्हा तिच्या तोंडून एकच वाक्य निघतं आणि बहुतेक वेळा माझी दोन पानं त्या वाक्याच्या मागे धावत राहतात. अशा पुस्तकांबद्दल बोलण्याचा पहिला हक्क तिचा आहे, असं मला आता ठामपणे वाटतं. आपण मोठ्यांनी तो तिला जवळजवळ कधीच दिलेला नाही.

पुस्तकं आमच्यापर्यंत पोचतात ती वेड्यावाकड्या वाटांनी. काही नागपूरच्या प्रदर्शनांतून, जिथे जुनी इंग्रजी पुस्तकं किलोच्या भावाने विकतात. काही मैत्रिणीच्या मैत्रिणीकडून, मुखपृष्ठ निखळलेली. हॅरी पॉटर तिने आधी मराठीतच वाचला, भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने काढलेला, बाल ऊर्ध्वरेषे यांचा अनुवाद. टोल्किनचा मोठा ग्रंथ मुग्धा कर्णिक यांच्या मराठीत ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने आला, तोही आमच्याकडे आहे. बाकीचं इंग्रजीत. जिल्ह्याच्या गावात वाढणारी मुलगी या कादंबऱ्यांसाठीच इंग्रजीशी झटते. परीक्षेसाठी पाठ केलेलं तिथे उपयोगी पडत नाही. पुढे काय झालं ते कळलंच पाहिजे, या एका ओढीने ती शब्दांवरून उड्या मारत जाते.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही तनाझ भाथेना यांची ‘हंटेड बाय द स्काय’ वाचली. २०२० ची कादंबरी. लेखिका भारतात जन्मलेल्या, सौदी अरेबियात आणि कॅनडात वाढलेल्या. कथा घडते अंबर नावाच्या राज्यात, आपल्या मध्ययुगीन राजवाड्यांची सावली असलेल्या. चांदणीसारखी जन्मखूण असलेली एक मुलगी राजाचा अंत करणार असं भाकीत झालेलं आहे, म्हणून राजा लोहारचे सैनिक तशा मुली शोधत फिरतात. गुलच्या अंगावर ती खूण आहे. तिचे आईबाप मारले जातात आणि सुवर्णकमळाच्या लढवय्या स्त्रिया तिला आसरा देतात. दुसऱ्या टोकाला कावस नावाचा मुलगा, ज्याच्याकडे जादू नाही. तो जादू नसलेल्यांच्या वस्तीत आजारी वडिलांसोबत राहतो आणि राजाच्या तबेल्यात राबतो. चंद्रोत्सवात दोघांची गाठ पडते.

मी टाचण काढलं होतं की, या कादंबरीतली खरी भिंत जादू असलेल्या आणि नसलेल्या माणसांमधली आहे. कोण कुठे राहतो, कोणाच्या वाट्याला कोणतं काम येतं, हे सगळं जन्मानेच ठरलेलं. आपल्याला ती भिंत ओळखायला कोणतीही जादू लागत नाही. भाचीने मान डोलावली, पण तिचं म्हणणं दुसरंच होतं. “मावशी, तो तबेल्यात काम करते म्हणून मले खरा वाटते. राजपुत्र असता ना, तर मी अर्ध्यातच सोडलं असतं.” मी विचारलं, का? तर म्हणाली, “राजपुत्राले काय हाय, तो पिरेम करू शकते. याले आधी बापाच्या औषधाचं पाहा लागते.”

कितीतरी वेळ मी त्या वाक्यापाशीच थांबून राहिले. कापसाचा भाव पडला की ज्या घरात आधी औषधं आणि मग शिकवणीची फी मागे पडते, अशा घरांतल्या मुली तिच्या वर्गात आहेत. प्रेमाला सवड लागते आणि सवडीला पैसा लागतो, हे तिला कोणत्याही समीक्षाग्रंथाने शिकवलेलं नाही. भाथेनांच्या कादंबरीची मी जी ताकद मानत होते ती व्यवस्थेच्या चित्रणाची. भाचीने दाखवली ती ताकद अधिक बारीक: औषधाची काळजी डोक्यात असतानाही हा मुलगा एका मुलीकडे पाहतो, आणि त्या पाहण्याला किंमत आहे. परीक्षणात मी तिचं म्हणणं माझ्या म्हणण्याच्या वर ठेवलं.

‘ट्वायलाइट’बद्दल मात्र आमचं जोरात भांडण झालं. स्टेफनी मेयर यांची ही कादंबरी २००५ ची. तिने सगळ्या जगातल्या मुलींना वेड लावलं, आणि समीक्षकांनी तिची जितकी टर उडवली तितकी क्वचितच कोणत्या पुस्तकाची उडवली असेल. सतरा वर्षांची बेला, आणि रक्तपिपासू असूनही स्वतःला आवरणारा एडवर्ड. तो रात्री तिच्या नकळत तिच्या खोलीत येतो आणि ती झोपलेली असताना तिच्याकडे पाहत बसतो. मला वाटलं होतं, या मुलीला ते आवडेल. तिने पुस्तक छातीशी धरूनच वाचलं होतं. पण त्या प्रसंगाचं नाव काढताच ती उठून बसली. “तो रात्रीचा येऊन राहिला अन् तिले मायीतच नाई. याले पिरेम म्हणाचं का वं? आमच्या क्लासच्या गेटवर उभे राह्यतात ते पोट्टे बी असंच म्हणतात, आमी तं फक्त पाह्यतो.”

आणि तरी तिला ती कादंबरी आवडली होती. ते तिने लपवलं नाही. पावसाळी गाव आवडलं, नव्या शाळेतल्या पहिल्या दिवसाची भीती आवडली, आपल्याकडे कोणीतरी इतकं रोखून पाहावं ही इच्छा तिला ओळखीची वाटली. आवडणं आणि न पटणं ही दोन्ही एकाच वाक्यात धरून ठेवायला मला परीक्षणाच्या धंद्यात बरीच वर्षं लागली. सोळाव्या वर्षी ती ते सहज करते, कारण तिला पुस्तकाकडून काहीतरी हवं असतं. ज्याला पुस्तकाकडून काहीच नको, तोच फक्त हसून बाजूला होऊ शकतो. किशोरींच्या प्रेमकथांची टर उडवणारे बहुतेक परीक्षक असे बाजूला उभे राहिलेले असतात आणि मला त्यांचं लिहिणं फार पोकळ वाटतं.

आमच्याकडच्या तालुक्याच्या वाचनालयांत परीक्षणाची एक जुनी रीत आहे, तिचा उल्लेख कोणत्याही वाङ्मयेतिहासात सापडणार नाही. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आला, अ, ब, क, ड असे वर्ग आले आणि लहानसहान गावांतही सरकारी अनुदानावर चालणारी कपाटं उभी राहिली. त्या कपाटांत सर्वांत जास्त झिजलेली पुस्तकं कोणाची? योगिनी जोगळेकरांची, शकुंतला गोगटेंची, कुसुम अभ्यंकरांची, चंद्रकांत काकोडकरांची. पुन्हापुन्हा बांधलेली, रेक्झिनच्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या रंगात नंबर घातलेली. आणि त्यांचं शेवटचं कोरं पान कधी कोरं नसायचं. पेन्सिलीने, निळ्या शाईने, कधी काजळकांडीने लिहिलेलं असायचं: शेवट गोड आहे, जरूर वाचा. त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात: गोड कसला, तिने नोकरी सोडायला नको होती. आणखी खाली, अगदी बारीक अक्षरात: खूप रडले. पुस्तकावर काही लिहू नये, असा शिक्का पहिल्या पानावर असतानाही वाचकांनी, त्यातही बायकांनी आणि मुलींनी, हे लिहिलं. नाव नाही, तारीख नाही. पुढे हे पुस्तक जिच्या हातात जाईल तिच्याशी ते बोलणं असायचं. चारचौघांत ज्या कादंबरीचं नाव घ्यायची चोरी, तिच्याबद्दल इतकं मोकळं मत मी छापील समीक्षेत फार कमी वाचलं आहे.

चोरी होती ती उगाच नव्हे. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ मध्ये न्यायालयाने काकोडकरांना निर्दोष ठरवलं. न्यायमूर्तींना एका कवीच्या प्रेमांची ती कथा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावी लागली, निकालपत्रात तिचं कथानक सांगावं लागलं. त्यांचं मत असं होतं की, तिचा वाङ्मयीन दर्जा फार उंच नसेल, काही जागी अभिरुची कच्ची असेल, पण ती अश्लील नाही. मला हे निकालपत्र एक प्रामाणिक परीक्षण म्हणूनही मोलाचं वाटतं. पुस्तक पूर्ण वाचा, मग बोला. कित्येक पालक आणि शिक्षक एवढंही करत नाहीत.

प्रेमकथांवरची ही नाराजी मराठी कादंबरीइतकीच जुनी आहे. १८५७ मध्ये बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’ लिहिलं ते विधवांच्या दुःखावर. पण त्यानंतर वाचकांनी ज्यांच्यावर उड्या घातल्या त्या अद्भुतरम्य प्रेमकथा होत्या: लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, नारो सदाशिव रिसबूडांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. रिसबूडांनी प्रस्तावनेत जे म्हटलं ते मी जेव्हा जेव्हा आठवते तेव्हा थबकते. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा की, आपल्या लोकांत लग्नं ज्या रीतीने होतात त्यामुळे आयुष्यात रंगून सांगावं असं काही घडतच नाही. रोजचं लिहावं तर वाचणाऱ्याचं मन रमत नाही, म्हणून अद्भुताकडे जावं लागतं. म्हणजे मुलीचं लग्न आठव्या-दहाव्या वर्षी लागून जात असे त्या समाजात प्रेमाची गोष्ट सांगायची, तर तिच्यासाठी निराळं राज्यच उभारावं लागलं. पुढे चारच वर्षांनी, १८७२ मध्ये, काशिनाथ बाळकृष्ण मराठ्यांनी ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ लिहून या असंभाव्य कथांची झडती घेतली. वास्तवाची बाजू जिंकली, हरिभाऊ आपटे आले, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण वाचकांची भूक मेली नाही. १९१३ मध्ये नाथमाधवांची ‘वीरधवल’ आली तेव्हा तिच्यावर पिढ्या पोसल्या. सिंहगडाच्या कड्यावरून पडून कमरेखाली लुळा झालेला माणूस अंथरुणाला खिळून असतानाही घोडे दौडवणारी कथा लिहीत होता, आणि घराघरांत पोरंपोरी ती चोरून वाचत होती.

रिसबूडांचं म्हणणं भाचीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आता बी तसंच हाय ना थोडंसं.” तिच्या वर्गातल्या एकीचं बारावीनंतर लग्न ठरलेलं आहे. ती मुलगी मोबाइलवर ‘प्रतिलिपी’ या अ‍ॅपवरच्या मराठी प्रेमकथा भाग-भाग करून वाचते, रोज रात्री, आवाज न करता. अशा मुलीच्या हातातल्या कथेला पळवाट म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. रोजच्या जगात जे विचारायची सोय नाही, ते ती तिथे विचारून घेत असते: मला कोण हवा, तो मला विचारेल का, आणि मी नाही म्हटलं तर काय होईल.

मला स्वतःला या सगळ्याचं मूळ सापडतं ते पैठणच्या एका गोष्टीत. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ रचला, त्याच्या आरंभीच ती येते. सातवाहन राजाच्या दरबारातला गुणाढ्य. पैजेत हरल्यामुळे त्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी अशा तिन्ही भाषा सोडल्या आणि विंध्याच्या रानात जाऊन पैशाचीत सात वर्षं कथा लिहिली. शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिली, सात लाख श्लोक. शिष्यांनी ते बाड राजाकडे नेलं. राजाने कथा वाचली नाही. भाषा पाहिली, रक्ताची अक्षरं पाहिली, आणलेल्यांचे अवतार पाहिले, आणि नाक मुरडलं. मग गुणाढ्याने टेकडीवर आगटी पेटवली आणि एकेक पान मोठ्याने वाचून आगीत टाकायला सुरुवात केली. भोवती हरणं, डुकरं, रेडे गोळा झाले. चरणं सोडून, डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिले. राजाच्या ताटातलं मांस सुकं लागू लागलं, राजा आजारी पडला, शिकाऱ्यांना विचारलं तेव्हा कारण कळलं. तो धावत आला तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. एक लाख उरले होते, कारण तेवढा भाग गुणाढ्याने आधीच बाजूला काढून ठेवला होता. का? तर त्याच्या दोन शिष्यांना तो फार आवडायचा म्हणून.

आणि तो भाग कशाचा होता? नरवाहनदत्ताचा. उदयन आणि वासवदत्ता यांचा मुलगा, तरुण राजपुत्र, प्रेमात पडतो, प्रेयसी हरवते, तिच्या शोधात आकाशगामी विद्याधरांच्या जगात जातो आणि अखेर त्यांचा चक्रवर्ती होतो. आज हे पुस्तक नव्याने लिहिलं गेलं तर कोणताही प्रकाशक ते यंग अ‍ॅडल्टच्या फळीवर ठेवेल. तिथे उडणारी माणसं आहेत, ताटातूट आहे, आणि एका पोरसवद्या मुलाचं स्वतःची ताकद ओळखणं आहे. मी लहानपणी ‘चांदोबा’त वाचलेले विक्रम-वेताळ याच सागरातून आलेले. मला या कथेतल्या राजाची कीव येत नाही. माझं लक्ष त्या दोन शिष्यांकडे जातं. गुणदेव आणि नंदिदेव अशी त्यांची नावं. त्यांनी कथेचं परीक्षण लिहिलं नाही, तिच्या रचनेबद्दल मत दिलं नाही. त्यांना ती आवडली, आणि गुरूने त्या आवडीचा मान ठेवला. सात लाखांतून काय उरावं, हे शिष्यांच्या आवडीने ठरलं.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळात ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण मागे घेतल्यावरून मोठा वाद पेटला, त्यात आमच्या गावाचं नाव देशभर गाजलं आणि त्याचा सल अजून आहे. पण त्या मंचावर उद्घाटक म्हणून उभ्या राहिल्या त्या कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी. आणि अध्यक्ष होत्या अरुणा ढेरे, लोकपरंपरेच्या मोठ्या अभ्यासक. पुस्तकांच्या जगात पहिला शब्द कोणाचा असावा, याचं एक उत्तर त्या दिवशी माझ्या गावाने दिलं, असं मी मानते. अजून एक खुर्ची मांडायची राहिली आहे. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडे दिवाळी अंकांची केवढी परंपरा आहे. त्यांत चार पानं सोळा-सतरा वर्षांच्या वाचकांनी लिहिलेल्या परीक्षणांना द्यावीत. त्यांची भाषा सुधारू नये. वऱ्हाडी आली तर वऱ्हाडी छापावी.

भाचीची तक्रार वेगळीच आहे. तिला प्रश्न पडतो की, हे सगळे ड्रॅगन, या उडत्या स्वाऱ्या दूरच्याच राज्यांत का? मी तिला लिंगोची गोष्ट सांगितली. आमच्या जिल्ह्यात गोंड आहेत, कोलाम आहेत. गोंडांचा पहांदी पारी कुपार लिंगो त्यांच्या भाटांच्या, परधानांच्या, गाण्यांत जिवंत आहे. नागपूरच्या हिस्लॉप या मिशनऱ्याने एका परधानाकडून ते गाणं लिहून घेतलं होतं. ते त्याच्या मृत्यूनंतर, १८६६ मध्ये छापून आलं. म्हणजे हळबे आणि रिसबूड अद्भुताच्या शोधात दूरची राज्यं रचत होते, त्याच दशकात. त्या गाण्यात भाऊ लिंगोला मारतात आणि अमृताने तो पुन्हा उठतो. महादेवाने गोंडांना गुहेत कोंडून घातलेलं असतं. त्यांना सोडवायचं तर लिंगोला समुद्रकाठच्या बिंदो पक्ष्याची पिलं आणायची असतात. पिलं गिळायला महानाग येतो, लिंगो त्याला मारतो, आणि कृतज्ञ झालेला तो प्रचंड पक्षी लिंगोला पाठीवर घेऊन उडतो.

ऐकताना तिचे डोळे विस्फारले होते. “हे आपल्या इथलं हाय? मंग याची कादंबरी कोणं लिहिली?” मी म्हटलं, हे गाणं ज्यांचं आहे त्यांच्यातल्या कोणी लिहिली तर मला सर्वांत आधी वाचायची आहे.

तिने लगेच वहीत नकाशा काढायला घेतला, कारण तिच्या मते नकाशा नसलेली फँटसी विश्वासाची नसते. उत्तरेला आणि पूर्वेला वर्धा, दक्षिणेला पैनगंगा, वणी तालुक्याच्या टोकाला दोघींचा संगम, मधून अडाण आणि अरुणावती. पांढरकवड्याजवळ टिपेश्वरचं रान तिने हिरवं रंगवलं आणि त्यात वाघ काढला. बिंदो पक्ष्याचं घरटं कुठे, हेही ठरलं. अडलं ते समुद्रावर. ती म्हणते तो वर्धेपलीकडे दाखवायचा, म्हणजे लिंगोला उगवतीकडे जाता येईल. मी म्हणते पैनगंगेच्या खाली, कारण पाणी शेवटी तिकडेच जातं. तिला माझं कारण पटलेलं नाही. भूगोलाचा इथे काय संबंध, असं तिचं म्हणणं आहे.